वाहनातील पाणीपातळी दर्शक

वाहनावर बसवलेल्या टाकीत किती पाणी शिल्लक आहे हे टाकी न उघडता सांगणाऱ्या साधनास वाहनातील पाणीपातळी दर्शक असे म्हणतात. मोटारघर किंवा कॅराव्हॅन, वैद्यकीय तपासणीची फिरती वाहने, अग्निशमन बंब आणि काही पाण्याचे टँकर यांत हे साधन आढळते. त्याचे तीन भाग असतात : टाकीतील संवेदक, संवेदकापासून निघणाऱ्या वायरी आणि चालकाच्या अथवा प्रवाशाच्या नजरेसमोर असणारे पॅनेल. पॅनेलवर दिवे, काटा किंवा टक्केवारीचा आकडा दिसतो.

या साधनाविषयी पहिली लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, ते पाणी मोजत नाही. ते गोळ्याची जागा, विजेचा रोध, तळावरचा दाब किंवा ध्वनीला परत येण्यास लागलेला वेळ मोजते व त्यावरून पाण्याचे अनुमान करते. अनुमानाचा आधार बदलला की यंत्र धडधाकट असूनही आकडा चुकतो. त्यामुळे ‘दर्शक बिघडला’ या एकाच तक्रारीमागे पाण्याचा गुणधर्म, गाडीचा कल, गंजलेला जोड किंवा खरोखरच निकामी झालेला संवेदक अशी वेगवेगळी कारणे असू शकतात. सातारा व सांगली या लगतच्या जिल्ह्यांत ही कारणे विशेष ठळकपणे दिसतात. याचे कारण तेथील भूगोल होय : पश्चिमेस महाबळेश्वर व कोयनेचे अतिवृष्टीचे डोंगर, तर पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ व जत हे पर्जन्यछायेतील तालुके. एकच गाडी सकाळी निघून सायंकाळपर्यंत या दोन्ही टोकांचे पाणी भरू शकते.

मोटारघरातील टाक्या

मोटारघरात सामान्यतः तीन टाक्या असतात : स्वच्छ पाण्याची, स्वयंपाक व स्नानाच्या सांडपाण्याची आणि शौचालयाच्या मैलापाण्याची. स्वच्छ पाण्याची टाकी लहान गाडीत साधारण 80 ते 200 लिटरची असते. ती आसनाखाली किंवा गाडीच्या पोटाशी बसवलेली असल्याने झाकण उघडून आत डोकावणे बहुधा शक्य नसते. म्हणून दर्शकावर भिस्त ठेवावी लागते. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केल्यानंतर महाबळेश्वर, पाचगणी, तापोळा या भागांत अशा गाड्यांकडे पर्यटकांचे लक्ष वळले. त्यांची दुरुस्ती करणारे स्वतंत्र कारागीर मात्र अजून विरळाच. काम बहुधा गावातील ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जाते आणि त्याला दुचाकीच्या पेट्रोलदर्शकाचे तत्त्व माहीत असल्यामुळे निम्मे काम सोपे होते, कारण तत्त्व तेच असते.

संवेदकांचे प्रकार

तरंगत्या गोळ्याचा म्हणजेच फ्लोटचा संवेदक सर्वांत जुना व समजण्यास सर्वांत सोपा. गोळा पाण्याबरोबर वरखाली होतो आणि त्याला जोडलेल्या यंत्रणेचा रोध बदलतो. येथे एक घोळ नेहमी होतो. अमेरिकी पद्धतीच्या फ्लोटचा रोध टाकी रिकामी असता सुमारे 240 ओहम व भरलेली असता सुमारे 33 ओहम असतो. युरोपीय पद्धतीत तो रिकाम्या टाकीस सुमारे 10 व भरलेल्या टाकीस सुमारे 180 ओहम असतो. म्हणजे दोन्हींची दिशा उलट. एका पद्धतीचा संवेदक दुसऱ्या पद्धतीच्या पॅनेलला जोडला, तर पाणी वापरले जाईल तसतशी टाकी भरत चालल्याचे दिसते.

दुसरा प्रकार विद्युतवाहकतेवर चालणारा. टाकीच्या भिंतीत तळाशी, एक तृतीयांश, दोन तृतीयांश व पूर्ण उंचीवर स्टेनलेस स्टीलचे बोल्ट बसवलेले असतात. तळाचा बोल्ट संदर्भाचा. पाणी वरच्या बोल्टला टेकले की दोहोंमध्ये अल्प वीजप्रवाह सुरू होतो व पॅनेलवरील त्या पातळीचा दिवा लागतो. रचना स्वस्त असून तीत हलणारा भाग नसतो. परंतु बहुसंख्य तक्रारी याच प्रकाराबाबत असतात व त्यांचा विचार पुढे सविस्तर केला आहे.

दाबाचा संवेदक तळाशी असतो. एक मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे 9.8 किलोपास्कल भरतो, 30 सें.मी. उंचीच्या टाकीत संपूर्ण मापन जेमतेम 3 किलोपास्कलच्या आत होते. संवेदकाला बाहेरच्या हवेचा दाब वजा करता यावा म्हणून त्याच्या केबलमधून केसासारखी बारीक हवानळी बाहेर काढलेली असते. ही नळी चिखलाने किंवा ओलाव्याने बुजली की घाटात विचित्र प्रकार घडतो. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर, तर महाबळेश्वर सुमारे 1,350 मीटर उंचीवर आहे. या चढाईत हवेचा दाब 8 ते 9 किलोपास्कलने घटतो, म्हणजे टाकीच्या संपूर्ण मापनपट्ट्याच्या जवळजवळ तिप्पट. बुजलेल्या नळीत खालची हवा अडकलेली राहते आणि भरलेली टाकी वर पोहोचताच कोरडी दिसू लागते. उतरताना याच्या उलट घडते.

श्रवणातीत ध्वनीचा संवेदक टाकीच्या छताला लावतात. ध्वनी पृष्ठभागावर आपटून परत येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर काढले जाते. ध्वनीचा हवेतील वेग 20 अंश सेल्सिअसला सुमारे 343 मीटर प्रतिसेकंद असून प्रत्येक अंशामागे सुमारे 0.6 मीटरने वाढतो. लहान टाकीत तापमानाची ही चूक नगण्य ठरते. खरी अडचण निराळी : अशा स्वस्त संवेदकांना पुढ्यातील 20-25 सें.मी. अंतर दिसतच नाही, त्यामुळे इमारतीवरील खोल टाकीला ते चालतात, मोटारघराच्या उथळ टाकीला नाही. प्लास्टिकच्या टाकीला बाहेरून चिकटवण्याच्या, कपॅसिटन्सवर चालणाऱ्या पट्ट्याही मिळतात. त्या पाण्याला स्पर्श करीत नाहीत हा त्यांचा मोठा गुण. धातूच्या टाकीवर त्या निरुपयोगी ठरतात.

पाण्याच्या गुणधर्माचा परिणाम

विद्युतवाहकतेवर चालणारा संवेदक पाण्यातील विरघळलेल्या क्षारांवर अवलंबून असतो. डोंगरातील झऱ्याच्या अथवा पावसाच्या पाण्याची वाहकता बहुधा शंभर मायक्रोसीमेन्स प्रति सें.मी. याच्या आत असते. पूर्वेकडील विंधन विहिरींच्या पाण्यात ती हजार-दोन हजारांच्या पुढे जाऊ शकते. सांगली, मिरज व वाळवा या भागांत ऊसशेतीच्या अतिरिक्त सिंचनाने जमिनी क्षारपड झाल्या आहेत. अशा जमिनीखालचे पाणीही मचूळ असते. जड पाण्यावर सरावलेले, म्हणजे कमी संवेदनशील ठेवलेले पॅनेल महाबळेश्वरचे मऊ पाणी ओळखत नाही आणि भरलेल्या टाकीला रिकामी म्हणते. येथे दुरुस्त करण्यासारखे काहीच नसते. पॅनेलमागे संवेदनशीलतेचा लहानसा स्क्रू असल्यास तो किंचित फिरवावा, नसल्यास फरक ध्यानात ठेवावा. माहितीपुस्तिकेत हा मुद्दा सहसा नसतो. पुस्तिका लिहिणाऱ्याच्या नळाला जतचे पाणी येत नसावे.

जड पाण्याची दुसरी बाजू म्हणजे खार. चहाच्या पातेल्यात किंवा गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, बोल्टवर बसतो. कोरडा थर वीज अडवतो आणि पाणी असूनही दिवा लागत नाही. सांडपाण्याच्या टाकीत याच्या उलट स्थिती असते. तेथे साबण, तेल व अन्नकण यांचा ओलसर लेप भिंतीवर बसतो. पाणी उतरले तरी तो लेप दोन बोल्टांना जोडून ठेवतो आणि रिकामी केलेली टाकी ‘दोन तृतीयांश’ किंवा ‘पूर्ण’ दाखवत राहते.

एक कारण पाण्याचे नसून मंडलाचे आहे. सतत एकाच दिशेचा वीजप्रवाह पाण्यातून गेला की विद्युतअपघटन होते व धन बाजूचा धातू झिजतो. बाजारातील स्वस्त ‘टाकी भरली’ गजर काही महिन्यांतच बंद पडतात ते बहुधा यामुळे, आणि पाणी जितके खारे तितके लवकर. चांगले पॅनेल प्रवाहाची दिशा उलटसुलट करते किंवा क्षणभरच प्रवाह सोडते. बटण दाबल्यावरच पातळी दाखवणारे पॅनेल काहींना गैरसोयीचे वाटते. परंतु तेच बटण बोल्टांचे आयुष्य वाढवत असते.

बिघाड ओळखणे

सुरुवात पॅनेलपासून न करता पाण्यापासून करावी. टाकी पूर्ण रिकामी करून गाडी समतल जागी उभी करावी आणि मापाच्या बादलीने वा कॅनने पाणी ओतत जावे. प्रत्येक दिवा किती लिटरला लागला हे टिपावे. अर्ध्या तासाच्या या कामातून पुढच्या सर्व तपासणीला आधार मिळतो. अनेकदा बिघाड नव्हताच, गाडी उतारावर उभी होती, एवढेच निष्पन्न होते. 120 सें.मी. लांब, 30 सें.मी. उंच व सुमारे 120 लिटर मावणारी टाकी पाच अंशांनी कलली, तर तिच्या दोन टोकांच्या पातळीत सुमारे 10 सें.मी. फरक पडतो. संवेदक एका टोकाला असल्यास वाचन मध्यापेक्षा 5 सें.मी.ने, म्हणजे उंचीच्या सहाव्या हिश्शाने चुकते. हे सुमारे 20 लिटर झाले. पसरणी घाटाच्या कडेला गाडी थांबवून पाहिलेल्या आकड्याला म्हणून फारसा अर्थ नसतो. चालत्या गाडीत पाणी हिंदकळत असल्याने तेव्हाचा आकडाही सोडून द्यावा.

पाणी व कल यांचा प्रश्न मिटल्यावर विजेकडे वळावे. सगळे दिवे एकदम बंद असतील, तर फ्यूज, बॅटरीचा व्होल्टेज आणि अर्थची वायर या क्रमाने पाहावे. गाडीच्या पोटाखालील जोडांना पावसाळ्यात रस्त्यावरचे पाणी लागते आणि तांब्यापितळेच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा कळंक टर्मिनलवर चढतो. तो नजरेआड, इन्सुलेशनच्या आतही पसरतो. वायर दिसायला शाबूत व हाताला मात्र ठिसूळ लागते.

संवेदक दोषी की वायर व पॅनेल, हा निवाडा करण्याची एक सोपी रीत आहे. टाकीजवळ वायर सोडवून तिची दोन टोके क्षणभर एकमेकांना जोडावीत. बोल्टांच्या पद्धतीत अशा वेळी संबंधित दिवा लागला, तर वायर व पॅनेल निर्दोष असून दोष टाकीच्या बाजूला आहे. दिवा लागला नाही, तर टाकीला हात लावण्याचे कारण नाही. अमेरिकी पद्धतीच्या फ्लोटमध्ये टोके जोडल्यास पॅनेलने ‘पूर्ण’ व मोकळी ठेवल्यास ‘रिकामी’ दाखवले पाहिजे. युरोपीय पद्धतीत याच्या नेमके उलट. त्यानंतर मल्टिमीटरने सोडवलेल्या संवेदकाचा रोध मोजावा. फ्लोट हाताने सावकाश वर नेताना आकडा टप्प्याटप्प्याने बदलला पाहिजे. मध्येच तो अनंत झाला, तर त्या जागी आतील भाग तुटलेला आहे. रिकाम्या टाकीत संदर्भाचा बोल्ट व वरचा बोल्ट यांमधील रोध अतिशय मोठा असला पाहिजे. तो काही हजार ओहमच भरला, तर भिंतीवर लेप आहे असे समजावे.

दुरुस्ती

कामापूर्वी 12 व्होल्टच्या बॅटरीचा जोड काढावा आणि गाडीला बाहेरून 230 व्होल्टचा पुरवठा असल्यास तो बंद करावा.

खार काढण्यास पांढरा व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व म्हणजेच सायट्रिक आम्ल पुरेसे असते. लिटरला 20 ते 30 ग्रॅम लिंबूसत्त्व घेऊन टाकी बोल्टांच्या वरपर्यंत भरावी, काही तास तशीच ठेवावी, शक्य असल्यास गाडी थोडी फिरवून आणावी व मग दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवावी. न्हाणीघर धुण्याचे ॲसिड वापरण्याचा मोह टाळावा. त्यातील हायड्रोक्लोरिक आम्ल स्टेनलेस स्टीललाही खड्डे पाडते. याहून महत्त्वाची सूचना टीसीएल पावडरीची. ग्रामपंचायती पाणी निर्जंतुक करण्यासाठी ती वापरतात आणि टँकरच्या पाण्यातही ती टाकलेली असते. टीसीएल किंवा ब्लीचिंग पावडर आणि कोणतेही आम्ल एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो. निर्जंतुकीकरण करावयाचे असल्यास ते आम्लाचा अंश पूर्ण धुऊन टाकल्यावर, स्वतंत्रपणे करावे.

सांडपाण्याच्या टाकीतील तेलकट लेपावर आम्लाचा उपयोग होत नाही. तेथे कोमट पाणी व भांडी घासण्याचा द्रव साबण काम करतो. एका धुण्यात यश न आल्यास निराश होण्याचे कारण नाही, वर्षभराचा लेप तीन-चार फेऱ्यांत सुटतो. मैलापाण्याच्या टाकीत विषारी व ज्वलनशील वायू साठतात. तिचे तोंड उघडून आत वाकणे अथवा जवळ ज्योत नेणे जिवावर बेतू शकते.

बोल्ट झिजला असेल तर नवा बोल्ट त्याच जातीच्या स्टेनलेस स्टीलचा घ्यावा. पितळी वा जस्त चढवलेला बोल्ट बसवल्यास दोन भिन्न धातूंमुळे गंज उलट वेगाने वाढतो. रबरी वॉशर नवा असावा आणि पिण्याच्या पाण्याच्या टाकीत खाद्यपदार्थांस योग्य असेच सिलिकॉन वापरावे. सिलिकॉन सुकण्यास निदान एक दिवस द्यावा. वायरीचे कळंक चढलेले टोक घासून उजळण्यापेक्षा ते कापून नव्या तांब्यापर्यंत जावे, जोडावर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. शेवटी बादलीची मोजणी पुन्हा करावी. ती केल्याशिवाय दुरुस्ती पूर्ण झाली असे म्हणता येत नाही.

वारंवार लेप बसत असेल, तर बोल्ट बदलत राहण्यापेक्षा बाहेरून चिकटवण्याची पट्टी लावणे श्रेयस्कर.

उंची आणि लिटर

दर्शक उंची सांगतो, माणसाला हवे असतात लिटर. चौकोनी टाकीत ही तफावत जाणवत नाही. टँकरची टाकी मात्र बहुधा आडवी दंडगोल असते. अशा टाकीत अर्ध्या उंचीला पाणी अर्धे असते. पाव उंचीला ते पाव नसून सुमारे 19.5 टक्केच असते. 10,000 लिटरच्या टँकरमध्ये काठी किंवा दर्शक पाव उंची दाखवत असता 2,500 लिटर गृहीत धरले, तर प्रत्यक्षात सुमारे 1,950 लिटरच मिळतात. टंचाईच्या काळात महाराष्ट्रात टँकरने पाणी देताना ग्रामीण भागासाठी माणशी दिवसाला 20 लिटर हे प्रमाण धरले जाते. त्या हिशेबाने ही चूक सत्तावीस माणसांच्या एका दिवसाच्या पाण्याएवढी होते. माण किंवा जतच्या वाडीवर रांगेच्या शेवटी उभी राहणारी माणसे तीच असतात. म्हणून टँकरच्या काठीवर समान अंतराच्या खुणा न करता, पाणी मोजून ओतून खुणा करणे हाच योग्य मार्ग होय.

वाहनातून पाणी नेण्याचे या भागातील सर्वांत मोठे उदाहरण रेल्वेचे आहे. एप्रिल 2016 मध्ये दुष्काळग्रस्त लातूरसाठी मिरज येथून ‘जलदूत’ ही पाणीगाडी सोडण्यात आली. पहिल्या खेपेस प्रत्येकी सुमारे 50,000 लिटरच्या दहा वाघिणी होत्या. पुढे वाघिणींची संख्या पन्नासपर्यंत वाढवण्यात आली. या वाघिणीही आडव्या दंडगोलाकारच होत्या.

उंचीवरून साठा काढण्याची हीच पद्धत धरणालाही लागू असते. सातारा जिल्ह्यातील कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाची पूर्ण संचय पातळी 659.43 मीटर, म्हणजे सुमारे 2,163.5 फूट असून तेव्हाचा साठा 105.25 अब्ज घनफूट असतो. मोजली जाते ती पातळी. साठ्याचा आकडा जलाशयाच्या आकारावरून आगाऊ केलेल्या तक्त्यातून काढला जातो. तळाशी गाळ साचत गेला की पातळी तीच राहूनही तक्ता जुना होतो, आणि म्हणून जलाशयांचे सर्वेक्षण अधूनमधून पुन्हा करावे लागते.

प्रत्यक्ष पट्टीचे स्थान

संवेदक कितीही आधुनिक असला, तरी त्याची पडताळणी डोळ्यांनी वाचता येणाऱ्या मापाशीच करावी लागते. मोटारघरात हे काम पारदर्शक नळी करू शकते : टाकीच्या तळाशी जोडून बाहेरून उभी लावलेली नळी टाकीतील पातळीच दाखवते. तिला वीज लागत नाही व ती खाऱ्या-गोड्या पाण्यात भेद करीत नाही. शेवाळ साचू नये म्हणून ती सावलीत असावी किंवा वर्षातून एकदा बदलावी.

सांगलीत अशा पट्टीचे महत्त्व निराळ्या प्रमाणावर दिसते. कृष्णेवरील आयर्विन पूल 1929 मध्ये बांधून पूर्ण झाला व तत्कालीन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांचे नाव त्याला देण्यात आले. पुलाजवळील पाण्याची उंची फुटांत सांगितली जाते. 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी मानली जाते. कृष्णा व भीमा खोऱ्यांत जलसंपदा विभागाने पाऊस व पातळी दूरवरून कळवणारी स्वयंचलित केंद्रे उभारली आहेत आणि पूर येण्यापूर्वी अंदाज बांधण्यास ती अपरिहार्य आहेत. परंतु ऑगस्ट 2019 च्या महापुरात पाणी 57 फुटांपलीकडे गेले, तेव्हा नदीकाठच्या गल्ल्यांतील कुटुंबे सामान कधी उचलायचे हे ठरवत होती ते पुलावरून येणाऱ्या फुटांच्या आकड्यावर. तो आकडा आपल्या दाराच्या कितव्या पायरीशी जुळतो, हे 2005 च्या पुरातून गेलेल्या घरांना ठाऊक होते.